झाकणावरचं शून्य

नळ सुरू झाला तशी आत्याने मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. दोन महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, पंधरा दिवसांपूर्वी उजव्यातला. दर चार तासांनी थेंब घालायचं काम धाकट्या सुनेने आपणहून अंगावर घेतलं होतं. ती आधी हात धुवायची, मग यायची. पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस आकड्यांत नळ बंद व्हायचा. गाणं शिकवणाऱ्या बाईंचा डोळा क्रीममुळे बिघडल्याची बातमी आली त्या दिवसापासून आकडा वाढत चालला होता. काल आत्या नव्वदपर्यंत पोचली होती. आज एकशे दहा झाले तरी पाणी पडतच होतं.

"अगं, कातडी सोलून निघेल हातांची!" आत्या ओरडली.

"आले, आले."

धाकटी आली. तिने आत्याचा काळा चष्मा काढला, बोटाने खालची पापणी ओढली. बोट खरखरीत लागलं. हात पुढे येतानाच नव्या भिंगातून आत्याला नको तितकं स्वच्छ दिसलं होतं: पेरापेरांवर चिरा, नखांच्या कडा सुजलेल्या, एका ठिकाणी रक्त सुकलेलं.

"वर बघा, राजपुत्र आलाय," धाकटी म्हणाली. हा त्या दोघींचा रोजचा विनोद. आत्याचं लग्न झालं नव्हतं आणि एकसष्टाव्या वर्षी तिला छतावरच्या राजपुत्राची आशा नव्हती, पण ती रोज हसायची. आज हसली नाही. थेंब पडला, गार, आणि मग घशात किंचित कडू.

"आत्या, एक विचारू?" बाटलीचं झाकण लावता लावता धाकटी म्हणाली. "क्रीमच्या त्या बॅचच्या वेळी मी मिक्सरचं पातं उकळत्या पाण्यात घातलं होतं. मला पक्कं आठवत होतं. पण आता रात्रंदिवस तेच तेच आठवून असं वाटायला लागलंय, की खरंच घातलं होतं, की नुसतं घालायचं मनात होतं?"

डॉक्टरांनी आत्याला वाकायला मनाई केली होती, डोळे चोळायला मनाई केली होती, रडायलाही मनाई केली होती. बोलायला मनाई केलेली नव्हती. तरी आत्या तोंडात मिठाची गुळणी धरून बसली.

"दहाला सगळे खाली बसणार आहेत," धाकटी म्हणाली. "तुम्ही याल ना? तुम्ही असलात की मला जरा बरं वाटेल."

ती गेल्यावर आत्याने थेंबांची बाटली उचलून पाहिली. एवढीशी बाटली. बारीक अक्षरं अजून जवळून लागत नव्हती, पण त्यांत काय लिहिलंय ते तिला ठाऊक होतं: यात प्रिझर्व्हेटिव्ह, जंतू वाढू न देणारं रसायन, आहे. होतं म्हणूनच महिनाभर उघडी राहूनही ती डोळ्यात घालता येत होती. आत्याने बाटली अक्षरं खाली करून आडवी ठेवली.

खालच्या मजल्यावर कारखाना होता. कारखाना म्हणजे तीन खोल्या: एकीत मिक्सर, एकीत डब्या भरायचं लांब टेबल, एकीत खोकी. आत्याच्या वडिलांनी, सगळ्यांच्या दादांनी, ही क्रीम काढली. आता धंदा भाऊचा, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाचा. तो नुसता सही करायचा. चालवायचा त्याचा मोठा मुलगा. त्याला घरात सगळे मॅनेजर म्हणायचे, आणि सुरुवातीला चेष्टेने म्हणायचे हे तो केव्हाच विसरला होता. धाकटा मुलगा जहाजावर नोकरीला. त्याची बायको ही धाकटी. मिक्सरवर आत्याच्या हाताखाली काम शिकली आणि दोन वर्षांत आत्याहून नेटकी झाली.

टेबलाभोवती सगळे जमले होते. रविवार असल्याने यंत्रं बंद होती, आणि त्यामुळे खुर्च्या सरकवल्याचा आवाजही मोठा वाटत होता. मॅनेजरने प्रयोगशाळेचा कागद मधोमध ठेवला.

"जंतू निघाले," तो म्हणाला. "एक नाही, दोन प्रकारचे. बाईंच्या डोळ्यात जे सापडले तेच. त्या रोज झोपताना डोळ्यांभोवती आपली क्रीम लावायच्या."

"डोळा वाचेल ना रे?" वहिनींनी विचारलं. भाऊची बायको. गेली तीस वर्षं हिशेबापासून भांडणापर्यंत या घरातलं सगळं काही मिटवत आलेली बाई.

"वाचेल. पण नीट दिसेल की नाही ते सांगता येत नाही म्हणाले." मॅनेजरने घसा साफ केला. "उद्या तपासणीचे लोक येणार आहेत. आपली बाजू आजच ठरवायला हवी. आपल्या क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नाही, म्हणूनच हे झालं, असं ते म्हणणार. तसं ठरलं तर दुकान बंद. पण आपल्याकडे पुरावा आहे."

त्याने जिन्याखालच्या मांडणीवरून आणलेला ट्रे पुढे ओढला. दादांची शिस्त होती: प्रत्येक बॅचमधली एक डबी तारीख घालून मांडणीवर ठेवायची, दोन वर्षं हलवायची नाही. दादा गेले, शिस्त राहिली. ट्रेमध्ये त्या डब्या ओळीने लावलेल्या. प्रत्येकीच्या झाकणावर मोठं हिरवं शून्य आणि त्याखाली 'प्रिझर्व्हेटिव्ह'. हे शून्य थोरल्या सुनेचं, मॅनेजरच्या बायकोचं. तीन वर्षांपूर्वी तिनेच ते काढलं, तिनेच रंग निवडला. लोक घाबरले आहेत, लोकांना रसायन नको आहे, असं ती म्हणाली होती आणि ते खरंही होतं. शून्य आल्यापासून माल दुप्पट खपू लागला.

"ही दोन वर्षांपूर्वीची." मॅनेजरने एक झाकण फिरवलं. "बघा. ना डाग, ना पाणी सुटलंय. ही त्यानंतरची. ही उन्हाळ्यातली. एक तरी खराब आहे का? आत्या, तुझं नाक सांगू दे."

डबी आत्याच्या नाकाखाली आली. "आत्याचं नाक म्हणजे आपली प्रयोगशाळा," असं भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. सुकल्या गुलाबपाकळ्यांसारखा मंद वास आला. तो वास आत्याच्या ओळखीचा होता. तिच्याइतका तो कुणाच्याच ओळखीचा नव्हता.

"चांगली आहे," ती म्हणाली.

"आणि ही?"

"चांगली आहे."

"ही?"

"अरे, सगळ्या चांगल्या आहेत!" आत्याचा आवाज चिरकला. वहिनींनी तिच्याकडे चमकून पाहिलं.

"झालं तर मग," मॅनेजर म्हणाला. "कृती तीच, माल तोच, पाणी तेच. दोन वर्षं एक डबी बिघडली नाही. बिघडली ती एकच बॅच, आत्या पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेली तेव्हाची. ती बॅच कुणी एकटीने केली?"

कुणी धाकटीकडे पाहिलं नाही. न पाहण्याची ती पद्धत पाहण्याहून वाईट होती.

"ती चमचासुद्धा उकळून घेते रे," वहिनी म्हणाल्या. "मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग चमचा उकळला असेल, पातं राहिलं असेल. मी काय तिला फासावर चढवतोय का, आई? चूक माणसाच्याच हातून होते. तिने तसं लिहून दिलं की प्रश्न एका बॅचपुरता राहतो. बाईंच्या उपचाराचं आपण सगळं बघू. वर्षभर ती मिक्सरवर नसेल, एवढंच."

"लिहून कशाला द्यायचं?" थोरली म्हणाली. तिचं आणि धाकटीचं फारसं सख्य नव्हतं, पण आज सकाळपासून ती नवऱ्याच्या बाजूला न बसता टेबलाच्या टोकाला बसली होती. "तोंडी सांगू."

"तोंडी कोण ऐकतं? तुझं शून्य वाचवायचंय ना?"

भाऊ खिडकीतून बाहेर बघत होता, जसा तो कुठल्याही अवघड वेळी बघायचा.

"दादा, द्या कागद," धाकटी म्हणाली. मॅनेजर तिचा मोठा दीर. त्याला ती दादा म्हणायची. "कृतीच्या वहीत लिहिलंय तसंच मी केलं होतं. वजनं दोनदा केली होती. पण सगळ्या डब्या चांगल्या आणि माझीच खराब, म्हणजे माझ्याच हातून झालं असणार. दुसरं काय असेल?"

तिने पेन घेतलं. चिरा पडलेलं बोट पेनावर दाबलं गेलं तशी ती कळवळली, आणि दुखल्याचं कुणाला दिसू नये म्हणून तिने हात टेबलाखाली नेला.

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण ठेवलेल्या डब्या, आपण टिकवलेल्या डब्या, आज एकेक करून या पोरीविरुद्ध साक्ष द्यायला उभ्या होत्या, आणि प्रत्येक साक्षीवर आपल्या नाकाचा शिक्का होता.

"पेन ठेव," ती म्हणाली.

"आत्या, तू मध्ये पडू नकोस," मॅनेजर म्हणाला. "तुझं प्रेम आहे तिच्यावर, कळतं आम्हाला."

"प्रेम असतं तर बाईंची बातमी आली त्याच दिवशी तोंड उघडलं असतं. वहीत काय लिहिलंय? वाच."

मॅनेजरने वैतागून कृतीची वही उघडली. पाणी, तेल, मेण, सगळ्यांची वजनं. शेवटची ओळ: गुलाब, आत्याच्या बाटलीतून.

"त्या बाटलीत नुसता गुलाब नव्हता," आत्या म्हणाली. "त्यात प्रिझर्व्हेटिव्ह होतं. दादांच्या कृतीत होतं तेच, नियमात बसतं त्या मापाने. तीन वर्षं प्रत्येक बॅचमध्ये मी तेच घालत आले. त्याला मुळातच गुलाबासारखा वास असतो, म्हणून कुणाला कळलं नाही. या डब्या तुमच्या शून्याने टिकल्या नाहीत."

मॅनेजर हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आत्या हसत नाही.

"तू... का पण?"

"शून्याची पहिली बॅच आठवते? मांडणीवरच्या डबीत सहाव्या आठवड्यात हिरवा ठिपका आला. मी तुला दाखवला. तू म्हणालास, सहा आठवड्यांत खपतं सगळं, आत्या, तू नाकाने कांदे सोलू नकोस. क्रीममध्ये पाणी आहे रे. पाणी आहे तिथे जंतू येणारच, आणि ठिपका दिसायच्या कितीतरी आधी येतात. त्यांना वासही नसतो. मी भाऊकडे गेले. भाऊ म्हणाला, पोरं शिकलेली आहेत. मग मी कुणालाच विचारलं नाही. ती डबी फेकली आणि बाटली भरायला लागले."

"म्हणजे झाकणावर जे लिहिलंय ते..." थोरलीने वाक्य पुरं केलं नाही. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "आत्या, त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं पत्र आठवतं? त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुम्हाला अमुक एक प्रिझर्व्हेटिव्ह सोसत नाही. त्यांनी लिहिलं होतं, शून्य वाचून तुमची क्रीम घेतली, तरी हात तसेच जळतात. मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं ते पत्र."

"हो."

"मी त्यांना उत्तर पाठवलं की आमच्यात काहीच नाही, तुमचा साबण बदला. तेही तुम्हाला वाचून दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, छान लिहिलंयस."

"हो," आत्या म्हणाली. इतकी वर्षं ती स्वतःला सांगत आली होती की आपण लोकांची कातडी सांभाळतोय. हजारांची सांभाळली असेल, पण त्या एका बाईला वाचून निवडायचा हक्क होता आणि तो आत्याने बाटलीत बुडवला होता. आणि खरं सांगायचं तर गुपिताची गोडीही होती. प्रदर्शनात बक्षीस मिळालं तेव्हा मॅनेजर व्यासपीठावर मिरवत होता आणि आत्या मागच्या खुर्चीत बसून मनात म्हणत होती, मिरव बाबा, मिरव, खरं कारण इथे बसलंय. त्या सुखाची आज तिला शिसारी आली.

"ऐका," भाऊ खिडकीकडून वळला. पहिल्यांदाच. "हे या खोलीबाहेर जाता कामा नये. एक भांडं नीट धुतलं गेलं नाही, ही चूक झाली. लोक विसरतात. तीन वर्षं झाकणावर खोटं छापलं, ही लबाडी झाली. दादांचं नाव जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. कागद धाकटीचाच जाऊ दे."

"हो ना," मॅनेजर म्हणाला. "तिला आता खरं माहीत आहे. मनाला लागायचं कारण नाही."

वहिनी काही बोलतील म्हणून आत्याने तिकडे पाहिलं. मघाशी चमच्याची साक्ष देणाऱ्या वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "घर तिचंही आहेच की वन्सं," त्या हळूच म्हणाल्या. "घरासाठी सोसावं लागतं बायकांना."

"धाकटीचा कागद जाणार नाही." हे थोरली म्हणाली. ती उठली, धाकटीच्या पुढ्यातला कोरा कागद ओढून घेतला. "शून्य माझं आहे. त्या शिवणकामवाल्या बाईंना सही करून खोटं मी लिहिलंय. आत्याने ठिपका तुम्हाला दाखवला तेव्हा मीही तिथेच होते, आणि मी डबीकडे बघितलंसुद्धा नाही. आता मला अजून एक खोटा कागद नको."

"तू माझ्या विरुद्ध बोलतेस?" मॅनेजर.

"हो. उशीरच झाला."

इतका वेळ धाकटी हलली नव्हती. ती आत्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, एखादी बेरीज जमत नसल्यासारखी शोधाशोध होती.

"आत्या, त्या वेळी बाटली एकाच बॅचची भरलेली होती. तुम्ही दोन दिवसांत येणार होतात, बारा दिवस लागले. दुसऱ्या बॅचला बाटली रिकामी होती. मी या दादांना विचारलं, ते म्हणाले बाजारातून चांगलं गुलाबपाणी आण. मी आणलं." ती थांबली. "तुम्ही खाली आलात तेव्हा डब्या गेलेल्या होत्या का?"

आत्याला वाटलं, काळा चष्मा आहे ते बरं आहे. मग वाटलं, हे वाटणंही लपवालपवीतलंच. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खोक्यांत भरून ठेवलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जाणार होत्या."

"तुम्ही मांडणीवरची डबी उघडून वास घेतलात. मला आठवतंय. मी शेजारी उभी होते. मी विचारलं, जमलं का आत्या? तुम्ही म्हणालात..."

"झकास जमलंय म्हणाले."

"तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"झाकण काढल्या काढल्या कळलं," आत्या म्हणाली. "त्यात खऱ्या गुलाबाचा वास होता. माझा नव्हता. मला वाटलं, थंडीचे दिवस आहेत, पटापट खपेल, काही होणार नाही. थांबवलं असतं तर का थांबवलं ते सांगावं लागलं असतं. मला लाज वाटली. त्या लाजेपायी मी खोकी जाऊ दिली. बाईंच्या डोळ्यावर बेतलं, आणि मग तू नळाखाली हात धरून उभी राहायला लागलीस. ते मी रोज वर बसून मोजत होते."

धाकटीने आपले हात टेबलावर काढून ठेवले, पालथे, आणि त्यांच्याकडे बघत राहिली, जणू ते आताच कुणीतरी परत आणून दिले होते.

बाईंना फोन आत्यानेच लावला. आकडे थोरलीने दाबून दिले. मॅनेजर उठून गेला. भाऊ गेला नाही, पण पुन्हा खिडकीकडे वळला. आत्याने सगळं सांगितलं, गुलाबाच्या वासापर्यंत.

"तुमची क्रीम मी माझ्या सगळ्या विद्यार्थिनींना सांगितली होती," बाई म्हणाल्या. आवाज गाणाऱ्या माणसाचा, स्पष्ट. "त्यांना आता काय सांगू?"

"वापरू नका म्हणावं. जेवढ्या डब्या गेल्या तेवढ्या आम्ही परत घेऊ. आणि हे जसं मी सांगितलं तसंच सांगा."

"तुमचं नाव सांगू?"

"माझंच सांगा. ती बॅच जिने केली तिचा काही दोष नाही. वहीत लिहिलं होतं तसंच तिने केलं. लिहिलेलंच खोटं होतं."

फोन ठेवल्यावर आत्याने कागद मागितला. जवळचा चष्मा डॉक्टर अजून महिनाभर देणार नव्हते, त्यामुळे लिहायचं थोरलीने आणि सांगायचं आत्याने असं झालं. तारखा, मापं, हिरवा ठिपका, शिवणकामवाल्या बाईंचं पत्र, खोकी. खाली सही करताना तिला ओळ दिसली नाही आणि सही तिरकी गेली. थोरलीने वही उघडून शेवटची ओळ खोडली आणि त्या प्रिझर्व्हेटिव्हचं लांबलचक नाव वजनासकट तिथे लिहिलं. मग ती ट्रेमधल्या डब्यांची झाकणं काढून एका बाजूला रचत बसली, एकावर एक शून्य, आणि तिच्याशी बोलायला कुणी गेलं नाही.

आत्या कठडा धरून वर आली. बाराच्या थेंबांना धाकटी आली नाही तरी चालेल, असं तिने ठरवून टाकलं होतं. आपले आपण घालता येतील. तिने बाटली हातात घेतली, झाकण उघडेना. खालून वहिनींचा दबका आवाज येत होता, भाऊचा येत नव्हता. आज नाही तर उद्या सगळं बाहेर जाईल आणि मग रस्त्यावरून चालताना मान वर करता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. त्याची तिला तितकी भीती वाटत नव्हती. तिला भीती होती ती जिन्यावरच्या पावलांची, आणि ती न येण्याची.

पावलं आली. नळ सुरू झाला.

आत्याने सवयीने मोजायला घेतलं. एक, दोन, तीन, चार. बारावर नळ बंद झाला.

तिला आधी वाटलं, आपलं मोजणं चुकलं. पण दार ढकललं गेलं आणि धाकटी हात पुसत आत आली, कुणीही पुसतं तशी, दोन फटकाऱ्यांत. तिने आत्याच्या हातातली बाटली घेतली. खरखरीत बोटाने पापणी ओढली.

"वर बघा," ती म्हणाली.

आत्या वाट बघत राहिली. राजपुत्राचं नाव निघालं नाही. थेंब पडला.

"रडू नका," धाकटी म्हणाली, "औषध वाहून जातं," आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळली.